शर्लीचं बावखल

पाटी वाकडी लागली, एवढाच काय तो सालोमीला आनंद झाला.

बाकी जे चाललं होतं ते तिच्या सहनशक्तीच्या पलीकडचं होतं. गच्चीवर वाळत घातलेले बोंबील उलटायचं निमित्त करून ती उभी होती, आणि बोंबील केव्हाच उलटून झाले होते. खाली, मागच्या वाडीच्या फाटकाशी महापालिकेची जीप आली होती. दोन माणसं फाटकाच्या खांबावर हिरवी पाटी ठोकत होती. चष्मा लावलेली एक तरुण इंजिनीअर मुलगी त्यांना ‘थोडं वर, थोडं डावीकडे’ सांगत होती. आणि सालोमीची धाकटी जाऊ शर्ली, चांगली पाणी घालायच्या वेळेला, केळींत काम करायच्या वेळेला, रेशमी साडी नेसून मध्ये उभी राहून फोटो काढून घेत होती.

‘पाणी जिरवणारी वाडी’ असं पाटीवर मोठ्या अक्षरात होतं. त्याखाली बारीक अक्षरात ‘बावखल : शर्ली व्हिन्सेंट तुस्कानो’.

सालोमीला गच्चीवरून बारीक अक्षरं दिसत नव्हती. ती तिने संध्याकाळी, शर्ली बाजारात गेल्यावर, फाटकाशी जाऊन वाचली. सासूचं नाव नाही. सालोमीच्या नवऱ्याचं, थोरल्या भावाचं, जेम्सचं नाव नाही. आणि तिचं तर नाहीच नाही.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं लहानसं तळं. पावसाचं पाणी अडवायला आणि उन्हाळ्यात केळी-फुलझाडांना द्यायला जुन्या लोकांनी ही बावखलं खणली. पूर्वी गिरीजमध्ये जवळपास प्रत्येक वाडीत एखादं असायचं. मग रस्ते रुंद झाले, इमारती उठल्या, डबराच्या गाड्या आल्या, आणि एकेक बावखल भरून त्यावर पार्किंग झालं. मग पावसाळ्यात वसईभर पाणी तुंबायला लागलं, लोकांच्या घरात शिरायला लागलं, आणि महापालिकेला एकदम बावखलाची आठवण झाली. जो बावखल राखील, अंगणातली माती उघडी ठेवील, छपराचं पाणी जमिनीत सोडील, त्याला घरपट्टीत सवलत, अशी योजना निघाली. बावखल राखणाऱ्याला वर पाटीसुद्धा.

आता हे बावखल शर्लीने राखलं म्हणायचं का, हाच तर सालोमीचा प्रश्न होता.

सालोमी माहेरची पापडीची, बाजाराजवळची. चिखलाशी तिचा कधी संबंध आला नव्हता. लग्न होऊन या घरात आली आणि पहिल्याच मे महिन्यात सासूने, नातालमायने, तिच्या हातात घमेलं दिलं. पावसाआधी बावखलातला गाळ काढायची या घरात रीत होती. घरातल्या सगळ्यांनी आत उतरायचं, काळा गाळ उपसायचा आणि केळींच्या बुंध्याशी नेऊन टाकायचा. सालोमी रडत उतरली होती. पुढे वर्षानुवर्षं उतरली, न रडता. तिच्या नखांतला काळेपणा नाताळपर्यंत जात नसे. शर्ली लग्न होऊन आली ती पुष्कळ उशिरा, आणि आली तेव्हा शाळेत शिक्षिका होती. तिला नातालमायने कधी घमेलं धरायला लावलं नाही.

नातालमाय गेल्यावर दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. तेव्हा सालोमीनेच जेम्सला ऐकवून ऐकवून रस्त्याकडची बाजू घ्यायला लावली होती. तिला पक्कं घर हवं होतं, समोर डांबरी रस्ता हवा होता, आणि मुख्य म्हणजे तिला चिखल नको होता. मागची बाजू, त्यात बावखल, ती धाकट्या व्हिन्सेंटच्या वाट्याला गेली. नातेवाईक म्हणाले, शर्लीला बिचारीला खड्डा मिळाला. सालोमीच्या अंगणात लाल-करड्या पेव्हर ब्लॉकची नक्षी बसली त्या दिवशी ती चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. तळपायाला एक कण लागला नव्हता.

त्या काळात तिचं शर्लीवर प्रेम होतं, हे खोटं नाही. “काय लागलं तर सांग हां गो,” असं ती कुंपणावरून म्हणायची, आणि मनापासून म्हणायची. ज्याची कीव करता येते त्याच्यावर प्रेम करायला काहीच कष्ट पडत नाहीत.

“तुला काय त्रास हाय पन?” त्या रात्री जेवताना जेम्सने विचारलं. “पाटी त्यांच्या फाटकावर लागली. आपल्या कपाळावर तर नाय लागली?”

“गाळ कोनी काढला?” सालोमी म्हणाली.

“कवा?”

“कवा म्हंजे? तुज्या आयच्या राज्यात. माजी अर्धी जिंदगी त्या बावखलात गेली. नि नाव कोनाचं? शर्लीचं!”

“मग वाटनीत घ्यायचं होतं. मी तर म्हनत होतो.”

एवढं बोलून जेम्सने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. हा माणूस आयुष्यभर बंदरात नोकरी करून आला होता, पण भांडणात कुठे थांबावं हे त्याला कधी कळलं नव्हतं. सालोमीने त्याला दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

दिवस ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे होते. गावातली माणसं कोणी मटण सोडतात, कोणी दारू सोडतात. सालोमीने शर्लीशी बोलणं सोडलं. आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने दार लावून घेऊन महापालिकेला फोन केला. नाव सांगितलं नाही. गिरीजला अमुक ठिकाणी एक बावखल आहे, त्यात चिलटां, म्हणजे डास, फार झालीत, लहान मुलांना ताप येतोय, एवढंच सांगितलं. खरं तर त्या आळीत लहान मुलं नव्हतीच.

आरोग्य खात्याची माणसं आली. सालोमी गच्चीवर गेली. त्यांनी बावखलाभोवती फिरून पाहिलं, पाण्यात वाकून पाहिलं, व्हिन्सेंटशी काहीतरी बोलले. आता नोटीस देतील म्हणून ती वाट बघत राहिली. तर त्यांनी गाडीतून पाण्याने भरलेल्या पिशव्या काढल्या आणि बावखलात गप्पी मासे सोडले. डासांची अंडी खातात म्हणे. पंधरवड्यात मासे इतके झाले की शर्लीने शाळेतली मुलं रांगेने बघायला आणली. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपताना फादरनी वेदीवरून सांगितलं की, निसर्गाची राखण कशी करावी हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी आपल्या शर्लीबाईंची वाडी बघावी. सालोमी बाकावर बसून होती. आजूबाजूच्या बायका वळून शर्लीकडे बघून हसल्या, म्हणून तीही हसली. गाल दुखेपर्यंत हसली.

पापनिवेदनाला गेली तेव्हा तिने हेव्याचं पाप सांगितलं. फोनचं सांगितलं नाही.

ईस्टर झाला आणि सालोमीची मुलगी फेलिशिया हिचं लग्न ठरलं. मुलगा भुईगावचा, लेस्टर, स्वभावाने गरीब. लग्न पुढल्या जानेवारीत. सगळं छान जुळलं होतं, आणि त्याच रात्री सालोमी अंथरुणात उठून बसली.

“जेम्स, पानी कुठून आनायचं?”

जेम्सला झोपेत काही कळेना, पण वाचकाला सांगायला हवं. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बायका वाजतगाजत पाण्याला जातात. त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. तुस्कानोंच्या घरात हे पाणी नेहमी बावखलातून यायचं, आणि पहिली कळशी घरातल्या थोरल्या बाईने भरायची. जेम्सच्या बहिणींच्या लग्नात ती नातालमायने भरली होती, आणि सालोमी मागे उभी राहून आपल्या पाळीची वाट बघत होती. इतकी वर्षं तिने गाळ उपसला तो त्या एका कळशीच्या भरवशावर, असं म्हटलं तरी चालेल. वाटण्या झाल्यापासून घरात लग्न झालं नव्हतं. आता पहिलंच होतं, तिच्या पोरीचं. आणि बावखल शर्लीचं होतं.

“तिच्या दारात जाऊन मागायचं?” सालोमी अंधारात म्हणाली. “नि पयली कळशी ती भरनार. माज्या पोरीच्या लग्नात मी तिच्या मागं उभी रानार.”

“आपली विहीर हाय की.”

“चाखलीस कवा? मचूळ झालीय ती.”

ते खरं होतं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या विहिरीचं पाणी पूर्वी नारळाच्या पाण्यासारखं गोड होतं. आताशा ते खारट लागायचं, त्यात डाळ शिजत नसे. पाणी कशाने बिघडलं याचा सालोमीने विचार केला नव्हता.

सकाळी उठून तिने इंजिनीअर मुलीला फोन लावला. तिचं नाव उन्नती. फुलपाड्याहून स्कूटरवरून आली, अंगणात उभी राहिली, आणि पायाने पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांवर टकटक करून बघायला लागली.

“सांधे सिमेंटने भरलेत का हो मावशी?”

“मग? गवत उगवतं नायतर.”

“त्यामुळे होतं काय, पावसाचं पाणी विहिरीच्या आसपास आत जातच नाही. सगळं सरळ रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. गोडं पाणी आत गेलं नाही की खारं वर येतं. यातले थोडे ब्लॉक काढून टाकू या? इथून तिथपर्यंत. मातीच ठेवायची, झाडं लावा छान.”

“ब्लॉक नाय काढायचे,” सालोमी म्हणाली.

उन्नतीने छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, “ठीक आहे. मग छपराचं पाणी पाइपने खाली आणू आणि विहिरीजवळ एक शोषखड्डा करू. त्यालाही सवलत मिळते घरपट्टीत.”

“नि पाटी?”

“पाटी जुन्या पाणवठ्यांनाच आहे मावशी. पण सवलत तुम्हाला नक्की मिळेल.”

सवलतीला काय चाटायचंय, असं सालोमीच्या तोंडावर आलं होतं. पण तिला विहीर गोड करायची होती, म्हणून ती गप्प बसली.

खड्डा खणायला माणसं आली तेव्हा ती खुर्ची टाकून बसली. खड्ड्यापुरते ब्लॉक उचलले गेले तेही तिला बघवले नाहीत. ब्लॉकखाली खडी, खडीखाली मुरूम, आणि त्याखाली एकदम काळी, मऊ, चिकट माती लागली. सालोमी खुर्चीवरून उठली. तो वास तिने ओळखला. तो बावखलाचा गाळ होता. इथे पूर्वी सोनटक्क्याचा वाफा होता आणि गाळाची घमेली ती स्वतः इथवर आणून ओतायची. खणणाऱ्याने फावड्यावर थोडा घेऊन बघितला.

“माती लय चांगली हाय. कोनी टाकली?” तो म्हणाला.

“मी,” सालोमी म्हणाली. मग लगेच त्याला ओरडली की ब्लॉकवर टाकू नको, डाग पडतात.

पाऊस लागला. गच्चीवरचं पाणी पाइपातून गडगडत खाली यायचं आणि खड्ड्यावरच्या लोखंडी जाळीतून आत गडप व्हायचं. सालोमी खिडकीत बसून ते बघायची. शेजारच्या इमारतीसमोर गुडघाभर पाणी तुंबलं, रिक्षा बंद पडल्या, आणि तिच्या फाटकातून रस्त्यावर पूर्वी वाहायचा तो लोंढा काही या वर्षी गेला नाही. जेम्सने एकदा म्हटलंसुद्धा, “बरं काम केलंस.” ती जोराचा पाऊस आला की खुश व्हायची आणि कुंपणापलीकडे मान उंचावून बघायची, शर्लीला पाइप दिसतोय ना म्हणून.

दिवाळीच्या सुमाराला, पाऊस पूर्ण थांबल्यावर, तिने विहिरीतून बादली काढली आणि ओंजळीने चाखून बघितलं. थुंकून टाकलं. अगदी पूर्वीइतकं खारट नव्हतं, पण गोडही नव्हतं. नवरीच्या अंगावर घालावं असं नव्हतंच.

सवलतीसाठी खड्डा तपासायला उन्नती आली तेव्हा सालोमीने तिला धारेवर धरलं.

“एवढं पानी आत गेलं, गेलं कुठं मग?”

उन्नतीने विहिरीत डोकावून पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मग मागच्या वाडीकडे बघून तिचा चेहरा उजळला. ती बिचारी चांगलं सांगायला गेली.

“मावशी, वर ब्लॉकचा उतार रस्त्याकडे आहे, पण खालच्या जमिनीचा तिकडे आहे ना, मागे. तुमचं पाणी मुरून तिकडे जातंय. म्हणजे तुमची विहीर पण सुधारेल हळूहळू, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या. पण सगळ्यात जास्त फायदा त्या बावखलाला. यंदा बघा किती भरलंय! व्हिन्सेंटकाका म्हणत होते, दिवाळीला एवढं पाणी त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नाही.”

“म्हंजे मी शर्लीचं बावखल भरते?”

“म्हणजे... एकट्या तुमचंच पाणी नाही. पण हो, बरंचसं.”

उन्नती गेल्यावर सालोमीने जेम्सला सिमेंटची गोणी आणायला सांगितली. आजच्या आज खड्डा बुजवायचा. जेम्स पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली न घेता सांगितलं की पाऊस संपलाय, पाणी पोचायचं तिथे पोचलंय, आता बुजवून शर्लीचं काय वाकडं होणार? सालोमीने विचार केला. काहीच वाकडं होणार नव्हतं. डासांची तक्रार केली तर तिला मासे मिळाले. खड्डा खणला तर तिला पाणी मिळालं. देवाने या बाईला वाढायचं ठरवलं होतं आणि वाढपी म्हणून सालोमीला ठेवलं होतं. ती आत जाऊन खूप रडली. साठी उलटलेल्या बाईने जावेच्या तळ्यात पाणी आहे म्हणून रडावं, हे तिचं तिलाही कळत होतं. तरी रडणं थांबलं नाही.

नाताळ गेला, लग्न तोंडावर आलं. पाण्याचं काय, हे घरात कोणी तोंडातून काढेना. शेवटी जेम्स म्हणाला, “बाटलीवाल्याकडून मोठा जार मागवू. सीलबंद. कोनाच्या दारात जायला नको.”

“बँड लावून दुकानात जाणार का डॅडी?” फेलिशिया म्हणाली. ती नर्स होती, रात्रपाळी करून आली होती, आणि तिला आईवडिलांच्या पोरखेळाचा कंटाळा आला होता. “मी शर्लीआंटीला विचारलंय.”

सालोमीच्या हातातली पळी थांबली. “कोनी सांगितलं तुला विचारायला?”

“लग्न माझं आहे ना? मला आजीच्या बावखलातलं पाणी पाहिजे.”

“काय म्हनाली ती?”

फेलिशिया जरा घुटमळली. “म्हणाली, पाणी काय, कधीही ने. पण मम्मीने येऊन सांगावं. वर्ष होत आलं, मम्मी माझ्याशी बोलत नाही, का ते मला माहीत नाही, म्हणाली.”

“तेच पायजे तिला,” सालोमी म्हणाली. “मी दारात येऊन हात पसरावे.”

ती गेली नाही. रोज सकाळी उठून उद्या जाऊ म्हणायची आणि संध्याकाळी कुंपणापलीकडे ती हिरवी पाटी दिसली की आत वळायची. पापडीला तिच्या भावाच्या घरी विहीर होती. पाणी जेमतेम होतं, पण होतं. तिथून आणू, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि ते कोणालाच सांगितलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव पडला. संध्याकाळी बँडवाले आले. बायका नटूनथटून, डोक्याला सोनचाफा माळून जमल्या. लेस्टरची आत्या भुईगावहून खास आली होती, मोबाइलने सारखे फोटो काढत होती. बँड सुरू झाला आणि मिरवणूक फाटकातून बाहेर पडली. पुढे सालोमी, हातात ताट.

फाटकाबाहेर आल्यावर क्लॅरिनेटवाला वाजवायचं थांबवून तिच्याकडे वळला. “कुठे जायचं?”

डावीकडे मोठा रस्ता होता, पापडीकडे जाणारा. उजवीकडे घराला वळसा घालून मागच्या वाडीत जाणारी पायवाट. सालोमीने भावाकडे जायला टेम्पो सांगून ठेवला होता. तो नाक्यावर उभा होता. तिने मागे वळून पाहिलं. फेलिशिया गच्चीवर उभी होती. नवरी पाण्याला जात नसते, म्हणून वरून बघत होती. अगदी त्याच जागी, जिथे उभी राहून सालोमीने वर्षभर मागच्या वाडीवर डोळा ठेवला होता.

“हिकडं,” सालोमी म्हणाली, आणि उजवीकडे वळली.

शर्ली फाटकातच होती. तीही नटली होती, म्हणजे तिला खात्री होती, आणि हेही सालोमीला झोंबलं. वाकडी पाटी तिच्या डोक्यावर होती. बँड थांबला. बायका गप्प झाल्या. आता काय ते बोलायचं होतं, आणि सगळ्यांसमोर.

“शर्ली,” सालोमी म्हणाली. “पानी पायजे. माज्या पोरीसाठी.”

शर्लीच्या ओठाचा कोपरा हलला.

“घे की, सालोमीबाय. निम्मं तर तुझंच आहे. इंजिनीअरबाईंनी मला सांगितलं.” मग जवळ येऊन, फक्त सालोमीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाली, “आणि गप्पी तर सगळेच तुझे. फोनवर नाव सांगितलं नाहीस, पण तक्रारीत ‘चिलटां’ लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं, आणि गिरीजमध्ये डासांना ‘चिलटां’ आता तूच एकटी म्हणतेस.”

सालोमीला तोंड कुठे लपवावं कळेना. शर्ली मात्र हसत होती, आणि ते हसणं वाईट नव्हतं. वाईट असतं तर बरं झालं असतं. शर्लीने आतून कळशी आणली. नातालमायची तांब्याची, चिंचेने घासून लखलखीत केलेली. शर्ली आता स्वतःच ती घेऊन उतरेल म्हणून सालोमी बाजूला सरकली. शर्लीने कळशी तिच्या हातात दिली आणि स्वतःच बाजूला झाली.

पायऱ्या सालोमीला डोळे मिटून उतरता आल्या असत्या. मधली एक पायरी निसटती होती, तिच्यावर पाय न देता ती पलीकडच्या दगडावर उतरली. पाणी कुठवर आलंय ते तिने बघितलं. जानेवारीत ते नेहमी खाली, तळाच्या दगडाशी असायचं. आज ते वर होतं, नातालमाय कपडे धुवायची त्या सपाट दगडाला टेकलं होतं. बारीक मासे कळशीच्या सावलीला घाबरून पळाले. तिला एकदम आनंद झाला. हे आपलं पाणी आहे, हा छपरावरून आलेला पाऊस आहे. आणि लगेच त्या आनंदाला काट्यासारखं ते दुसरं टोचलं, की कळशीसुद्धा शर्लीनेच दिली. मानसुद्धा तिनेच दिला. मोठेपणाही आज तिचाच.

तिने कळशी बुडवली, भरली, आणि कमरेवर घेऊन वर आली. ती आठवत होती त्यापेक्षा जड होती. बँड पुन्हा वाजायला लागला. लेस्टरच्या आत्याने मोबाइल पुढे धरला.

“अशीच ऱ्हा, अशीच! काय झकास हाय गो ही जागा! कोनाचं बावखल?”

शर्ली दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं, फाटकाच्या कडीला उगाच हात लावला. बोलायची संधी तिने सालोमीसाठी सोडली होती. सालोमीने कळशी सावरली. ‘आमचं’ म्हणता आलं असतं. ‘सासूचं’ म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“शर्लीचं,” सालोमी म्हणाली.

मिरवणूक परत आली. बायका मांडवात गाणी म्हणायला बसल्या, पेल्यांतून वाईन फिरली, जेम्स आणि व्हिन्सेंट कित्येक महिन्यांनी एका बाकावर बसले. सालोमीने कळशी दाराशी, पेव्हर ब्लॉकवर उतरवली होती. उतरवताना काठावरून थोडं पाणी सांडलं होतं. कळशी आत नेली, पाहुण्यांना वाढून झालं, तरी ते तिथेच होतं. सिमेंटने भरलेल्या सांध्यांवर पसरून, मांडवाचे दिवे अंगावर घेऊन, जागच्या जागी.

सालोमीने फडकं आणलं आणि वाकून ते टिपून घेतलं. फडकं पिळायला ती सवयीने गटाराकडे निघाली. अर्ध्या वाटेत थांबली. कोणी बघत नाहीसं पाहून वळली, विहिरीजवळच्या खड्ड्याशी गेली आणि लोखंडी जाळीवर धरून तिने ते घट्ट पिळलं.